भोंगेबंदरचा लेखनिक

लालबाग,
रविवार, ११ ऑगस्ट २०२४

यशोधन,

तुझा बंगळूरचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे फणसवाडीला तुझ्या आईकडे पाठवतो आहे. सरोजिनीकाकू पुढे पाठवतील. पाकिटाच्या तोंडावर चिकटपट्टी लावून तिच्यावरून आडवी सही केली आहे. सहीचे दोन तुकडे जुळत नसतील तर पाकीट आधी कोणीतरी उघडलं आहे असं समज.

फोन करणार नाही. तुझा नंबर डिसेंबरात ब्लॉक केला तो तसाच आहे. शिवाय फोनवर लिहिलेलं दुसऱ्याला दाखवायला एक बोट पुरतं. कागद दाखवायचा तर निदान उठून कपाट उघडावं लागतं.

प्रश्न एकच आहे. भोंगेबंदर तू कोणाला दिलंस?

मंगळवारी माधवकाकांनी मला लोअर परळला पाठवलं होतं. जुन्या मिलच्या आवारात एक कॅफे निघाला आहे, तिथे लोक कॉफी पीत पटावरचे खेळ खेळतात. त्यांची मेनूकार्डं आमच्या ठाकूरद्वारच्या छापखान्यात झाली, ती पोचवायची होती. तिथली मुलगी गठ्ठा तपासत होती तेवढ्यात माझं लक्ष रॅककडे गेलं. खोक्यांच्या रांगेत एक निळं खोकं. वर चित्र: समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या गिरणीच्या चिमण्या, आणि प्रत्येक चिमणीला मिटलेले डोळे.

मी हलेना, तेव्हा ती मुलगी म्हणाली, "दादा, बघा ना उघडून. डिस्प्लेचाच आहे."

आत नकाशा आहे. इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो हे तुला माहीत आहे, पण तो नकाशा वाचायला इंग्रजी लागत नाही. वाकलेल्या करंगळीसारखा धक्का, सात दीपगृहं, आणि वेशीवर लेखनिकाची चौकी. आपल्या चौकीच्या डाव्या बाजूला पिंपळ आहे, तो तिथेसुद्धा डाव्याच बाजूला आहे.

उद्या कोणी योगायोग म्हणायला नको म्हणून नीट लिहून ठेवतो. सहा वर्षं, दर रविवारी दुपारी तीन ते सात, तुमच्या पुढच्या खोलीत आपण चौघं हे बंदर खेळलो. तू सूत्रधार. समोर काय आहे ते तू सांगायचास, मेघना, गौतम आणि मी आपापला माणूस काय करतो ते सांगायचो, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. ह्यातलं घडलेलं सगळं मी लिहून ठेवलं. सात वह्या आहेत. त्या माझ्याकडेच आहेत आणि कुठे आहेत ते मी लिहिणार नाही.

चिमण्या म्हणजे राक्षस, भोंगा वाजला की श्वास घेतात, हे आमच्या गुणाजी आजोबांच्या बोलण्यातून आलं. ते गॅलरीत बसून म्हणायचे, "भोंगो बंद झालो नि गिरणगाव झोपलो." तू ते ऐकलंस आणि पुढच्या रविवारी राक्षस झोपवलेस. वेशीवर लेखनिक बसतो आणि ज्याचं नाव त्याच्या वहीत नाही त्याला दर्या ओळखत नाही, हा कायदा तुझा, मान्य आहे. पण तो लेखनिक सहा वर्षं मी खेळलो. आणि खेळाआधी गाऱ्हाणं घालायची रीत आमच्या घरची. "बा देवा म्हाराजा, ही चार पोरां पटार बसली हत, ह्यांच्या फाशाक यश दी रे म्हाराजा!" तुला ते धड म्हणता यायचं नाही. 'हत'चं 'आहेत' करायचास आणि गौतम हसून लोळायचा.

खोक्यातल्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर गाऱ्हाणं आहे. इंग्रजीत. शेवटचं 'व्हय म्हाराजा' मात्र तसंच ठेवलंय, इंग्रजी अक्षरांत.

शेवटच्या पानावर बारीक अक्षरात नावं आहेत. तुझं पहिलं. मग मेघना, मग गौतम. चौथ्या ओळीत नाव नाही. तिथे लिहिलंय: लेखनिक, नाव देण्यास नकार. मी त्या मुलीला दोनदा अर्थ विचारला. दोन्ही वेळा तिने तोच सांगितला.

नकार कोणी दिला? मला कोणी विचारलं नाही. हे वाक्य मी शपथेवर लिहितो आहे.

हितेंद्र

ता. क. उत्तर रजिस्टर पोस्टाने पाठवू नकोस. आमच्या चाळीत रजिस्टर कोणी घेत नाही.


लालबाग,
रविवार, १८ ऑगस्ट २०२४

यशोधन,

आठवडा झाला. पत्र फणसवाडीला मंगळवारी पोचलं असणार. गप्प बसलास म्हणजे विचार करायला वेळ घेतो आहेस. घे. पण आधी हे वाच, म्हणजे भलतं उत्तर तयार करणार नाहीस.

माधवकाकांची एक पद्धत आहे. लग्नपत्रिकेचं प्रूफ गिऱ्हाइकाला देताना गणपतीच्या जास्वंदीची एखादी पाकळी कमी करायची, कोणाला पाच, कोणाला चार, आणि कोणाला काय दिलं ते लिहून ठेवायचं. काही गिऱ्हाइकं प्रूफ घेऊन जातात आणि तेच दुसरीकडे छापून घेतात. मग काका कुठल्यातरी लग्नात जेवायला बसले की पत्रिका काढून पाकळ्या मोजतात. एकदा नवऱ्याच्या बापासमोर मोजल्या होत्या.

२०२२च्या दिवाळीत मी भोंगेबंदरची माहिती टाईप करून चार प्रती बांधल्या, मरून रेक्झिनच्या, आठवत असेल. तुम्ही 'अरे वा' म्हणालात, गौतमने वास घेतला आणि बॅगेत टाकली. तुमच्यापैकी कोणी ती आतून वाचल्याचं मला कधी दिसलं नाही.

त्या प्रती सारख्या नाहीत.

तुझ्या प्रतीत पान ३१ वर सुंदराबाईची विहीर आहे. ओहोटीला भर समुद्रात उघडी पडते. खरं बोलणाऱ्याला पाणी गोड लागतं, खोटं बोलणाऱ्याला खारट. मेघनाच्या प्रतीत पान १२ वर पुलाला तेरा कमानी आहेत. बाकी सगळ्यांच्या बारा. तेरावी फक्त परतणाऱ्याला दिसते. गौतमच्या प्रतीत पान ४४ वर मुक्यांचा बाजार आहे. तिथे सुकी मासळी विकतात आणि तोंडाने भाव करायचा नाही, फडक्याखाली हात घालून बोटांनी करायचा. बोलला त्याची जीभ बाजारात राहते. ह्यातलं काहीही आपण कधी खेळलो नाही. हे तीन मी मनाने घातले, एकेका प्रतीत एकेक, आणि कोणालाही सांगितलं नाही. माझ्या प्रतीत तिन्ही नाहीत.

का घातले असं विचारशील. तेव्हा कोणाचा संशय नव्हता. उद्या आला तर हाताशी असावं म्हणून घातले.

काल कॅफेत परत गेलो. त्या मुलीचं नाव ओवी. तिने एक चहा सांगायला लावला आणि खोकं दिलं. पुस्तकाची अठ्ठ्याण्णव पानं आहेत. मी शब्दकोश नेला होता. सव्वादोन तास लागले.

मला वाटलं होतं विहीर सापडेल. नुसती विहीर सापडली असती तर तू एकटा ठरला असतास आणि मी गप्प बसलो असतो, खरं सांगतो. पण विहीर आहे, तेरावी कमान आहे आणि बाजारही आहे. तिन्ही.

म्हणजे तिघंही. तीन प्रती एका टेबलावर ठेवून तुम्ही बसलात. चौथा खुर्चीवर नव्हता.

हितेंद्र


लालबाग,
रविवार, १ सप्टेंबर २०२४

यशोधन,

गुरुवारी मेघनाला भेटलो. सांगून नाही. ती काम करते त्या लॅबच्या दाराशी, परळला, पावणेचारला उभा राहिलो. तिची पाळी साडेतीनला सुटते, पण ती वीस मिनिटं उशिरा निघते हे मला माहीत होतं.

मला बघून ती खूश झाली. हे मला खटकलं. चोरी करणारा माणूस खूश होत नाही, किंवा फार तयारीचा असतो.

"हितू! अरे काय दाढी वाढवलीयेस, साधू झालास का? चल, वडा खाऊ."

"मुक्यांचा बाजार कोणी दिला?" मी विचारलं.

ती हळू म्हणाली, "तू बघितलंस वाटतं पुस्तक. मग आता का विचारतोयस? मार्चमध्ये मी फोन केला होता ना तुला?"

केला होता. मागच्या दोन पत्रांत मी हे लिहिलं नाही, कारण त्याचा ह्या प्रश्नाशी संबंध नाही असं माझं मत होतं. आता लिहितो, नाहीतर तू म्हणशील मी लपवलं. ११ मार्चला, सोमवारी, तिचा फोन आला. ती म्हणाली, "यशोचं ते तुझ्यापर्यंत आलं ना? तुला सगळं माहीत आहे ना?" मी म्हणालो, "हो, माहीत आहे." ती म्हणाली, "मग काय ठरवलंस?" मी म्हणालो, "मला त्यात ओढू नका. माझं नाव कुठे येता कामा नये."

मला काहीच माहीत नव्हतं, यशोधन. पण तिघांना काहीतरी ठाऊक आहे आणि मला नाही, हे फोनवर कबूल करायचं मला जमलं नाही. मला वाटलं तुझ्या नव्या नोकरीचं काही असेल, किंवा मला समजवायला तिला मध्ये घातलं असशील. मी माहीत असल्यासारखं बोललो.

परळच्या फुटपाथवर मी हे तिला सांगितलं नाही. उलट म्हणालो, "तुम्ही तिघांनी मिळून माझं जग विकलंत."

"तुझं?" ती म्हणाली. "आणि आमच्या प्रतींत वेगवेगळं लिहून ठेवलंस ते? माझ्या प्रतीत तेरा कमानी, ह्यांच्या प्रतीत बारा. मी काय चोर आहे म्हणून मला तेरावी दिलीस? दोन दिवस रडले मी, तुला माहितीये? यशो म्हणाला म्हणून गप्प बसले."

"काय म्हणाला यशो?"

"त्यालाच विचार. पाकीट पाठवलं होतं ना त्याने? वाचता येत नाही का तुला?"

आणि ती निघून गेली. वडा राहिला. 'वाचता येत नाही का' हे ती मुद्दाम म्हणाली असं वाटत नाही, पण अकरावीत शाळा सुटलेल्या माणसाला ते नेमकं कुठे लागतं हे तिला माहीत असायला हवं होतं.

आणि त्यावरून तुझं वाक्य. २४ डिसेंबरचं. त्याचा उल्लेख मी टाळत होतो. तुझी बंगळूरची नोकरी ठरली होती, खेळ संपवायचा होता, आणि तू एका दुपारी दर्याराजाला उठवून अख्खं भोंगेबंदर बुडवलंस. धक्का, दीपगृहं, माझी चौकी, सगळं. मी म्हणालो, "असं एका फाशात कसं बुडवतोस? आम्हाला विचार तरी." तू म्हणालास, "जग माझं आहे हितू. तू नुसतं लिहून घेतोस."

काकू पोहे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. मी वही मिटली आणि निघालो. ठाकूरद्वारच्या नाक्यावर उभं राहून तुझा नंबर ब्लॉक केला.

नुसतं लिहून घेणाऱ्याच्या तीन जागा तुझ्या पुस्तकात कशा, एवढंच सांग.

हितेंद्र


लालबाग,
रविवार, २२ सप्टेंबर २०२४

यशोधन,

गणपती झाले. दहा दिवस आमच्या गल्लीत शिरायला घरच्यांनासुद्धा ओळखपत्र दाखवावं लागतं, म्हणून पोस्टाचं बोलत नाही. पण आता रस्ते मोकळे आहेत आणि तुझं उत्तर नाही. फणसवाडीत तुझ्या घराखालून गुरुवारी गेलो. वर गेलो नाही. खिडकीत काकू दिसल्या. त्यांनी मला बघितलं असावं. हात केला नाही, किंवा मी आधीच मान फिरवली.

आज दुपारी कॅफेत गेलो होतो. ओवी खोकं देईना. म्हणाली, "आज नाही दादा, चालू आहे ते. बसा ना, बघा."

कोपऱ्यातल्या टेबलावर पाच जण बसले होते. कॉलेजातली असावीत, एक टक्कल पडलेले गृहस्थ होते. सूत्रधार एक मुलगी. ते भोंगेबंदर खेळत होते, यशोधन. माझ्या डोळ्यांसमोर. मी पुढे वाकलो नाही, पण ऐकू येत होतं.

ते मुक्यांच्या बाजारात शिरले. सूत्रधार मुलीने ओठांवर बोट ठेवलं आणि आपली ओढणी टेबलावर पसरली. टकलू गृहस्थांनी ओढणीखाली हात घातला. तिने खालून बोटं दाबली. त्यांनी मान हलवली: नाही. परत बोटं. सगळं टेबल गप्प. कॉफीचं मशीन तेवढं फुसफुसत होतं. मग एका मुलाला राहवेना, तो ओरडला, "काका, घेऊन टाका ना, सोडा आता!" आणि सगळी त्याच्यावर तुटून पडली, "गेली जीभ! गेली तुझी जीभ!" गृहस्थ तर टेबलावर हात आपटून हसत होते. त्या मुलाने पुढचा पाऊण तास खरंच तोंड उघडलं नाही. पाणी मागायचं तरी खुणेने.

ओवी माझ्या शेजारी येऊन म्हणाली, "हा बाजार सगळ्यांना आवडतो. कोणी केलाय काय माहीत, पण डोकं आहे."

मी म्हणणार होतो की मी केला. शब्द तोंडापर्यंत आला. पण कशासाठी केला हे तिने विचारलं असतं तर काय सांगितलं असतं? गौतमला पकडायला केला. तो कफ परेडच्या मच्छीमार नगरातला, सुकटीच्या वासात वाढलेला, म्हणून त्याच्या प्रतीत सुकटीचा बाजार, म्हणजे त्याला संशय येणार नाही. हे सांगता आलं नसतं.

घरी येऊन मी पहिल्या पत्राची कार्बन कॉपी काढली. त्यात एक वाक्य मी शपथेवर लिहिलं आहे. ते मला खोडायचं आहे, पण ते तुझ्याकडे आहे.

२० फेब्रुवारीला, मंगळवारी, सकाळी साडेअकराला एक पाकीट आलं होतं. रजिस्टर एडी. जाड. पाठवणाऱ्याच्या जागी तुझं नाव आणि फणसवाडीचा पत्ता.

आमच्या चाळीचं तुला थोडं माहीत आहे. पुनर्बांधणीचं चालू झालं तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या सुंदराबाईंनी एका रजिस्टरवर सही केली. बाई एकटी, सगळ्या मजल्याला पाणी भरून ठेवणारी. तिला वाटलं गावचं पत्र. आत नोटीस होती. पुढे वकील म्हणाला, नोटीस पोचली, सही आहे, मुदत संपली. बाई नालासोपाऱ्याला गेली भाचीकडे. विहिरीला तिचं नाव मी दिलं ते ह्यासाठी. तेव्हापासून चाळीत ठरलं आहे: रजिस्टर घ्यायचं नाही, सही करायची नाही. घेतलंच नाही तर कोणी पोचलं म्हणू शकत नाही, असं आमच्या कमिटीचे धम्मपाल सर सांगतात. त्यांचं चूक आहे असं नंतर कोणीतरी म्हणालं, पण ठरलं ते ठरलं.

आई आतून ओरडली, "कोणाचा आसा? घेव नको ता! सही केलंस तर बघ!"

मी नाव वाचलं होतं. ते बिल्डरचं नाही हे मला दिसत होतं. पण मला वाटलं, तुझी नवी नोकरी खेळ काढणाऱ्या कंपनीत, पाकीट जाड, रजिस्टर, म्हणजे ही तुझी नोटीस. सात वह्या परत कर. हितेंद्रचा ह्यावर काही हक्क नाही. खाली सही कर.

पोस्टमन म्हणाला, "घेण्यास नकार, असं लिहू का?"

मी म्हणालो, "लिहा."

तर मला कोणी विचारलं नाही, हे खरं की खोटं, ते मला आता ठरवता येत नाही. त्या पाकिटात काय होतं? तू गप्प आहेस. मला विहिरीचं पाणी आज खारट लागत असणार.

हितेंद्र


लालबाग,
रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

यशो,

शुक्रवारी छापखान्यात काकूंचा फोन आला. माधवकाकांच्या फोनवर. म्हणाल्या, "हितू, दुपारी येऊन जा. आणि घराखालून नुसता जाऊ नकोस, वर ये. जिन्याला काय काटे आहेत?"

गेलो. त्यांनी आधी बसवलं, पोहे दिले. डिसेंबरातले राहिले होते म्हणाल्या. मग कपाट उघडून पाकीट आणलं. तेच. वर शिक्का, शिक्क्याखाली पोस्टमनचं अक्षर: घेण्यास नकार. तोंड बंद.

मी पहिल्यांदा काय केलं सांगतो, हसू नकोस. पाकीट उजेडाकडे धरून कडा तपासल्या, कोणी उघडलंय का ते. काकू बघत होत्या. म्हणाल्या, "नाही रे बाबा. आठ महिने इथे आहे, मी वाफसुद्धा लागू दिली नाही. परत आलं त्या दिवशी यशो फोनवर म्हणाला, हितूचं आहे, हितूच फोडेल. तुझी पत्रं मी त्याला पाठवत होते. परवा चौथं वाचलं आणि म्हणाला, आई, आता त्याला ते दे. दुसरं काही लिहायची गरज नाही."

"चिडलाय का माझ्यावर?"

"पहिल्या तीन पत्रांना चिडला होता. मेघनाचं ऐकून फारच. चौथ्यानंतर मात्र विचारलं, सुंदराबाई खरंच होत्या का गं?"

मी ते तिथेच, तुमच्या पुढच्या खोलीत, आपल्या टेबलावर फोडलं.

तू १७ फेब्रुवारीला लिहिलेलं मी ६ ऑक्टोबरपर्यंत तेवीस वेळा वाचलं. तुला तुझी वाक्यं आठवत नसतील, म्हणून दोनतीन उतरवतो. 'मी गेल्यावर बंदर बुडलेलं बघवेना, म्हणून कमरेएवढ्या पाण्यावर आणून ठेवलंय. कंपनीला दाखवलं, त्यांना हवंय.' पुढे: 'तिघांच्या प्रती समोरासमोर ठेवल्या तेव्हा कळलं. मेघना भडकली. गौतम म्हणाला, साल्याने आपल्याला मार्क करून ठेवलंय. तू हे कशासाठी केलंस ते मी विचारणार नाही. पण सगळं पुस्तक वाचून कंपनीतल्या माणसाने तीन ठिकाणी खूण केली, म्हणाला हे अफाट आहे, हे कोणाचं? विहीर, कमान, बाजार. बाकी बंदर आपल्या चौघांचं आहे. ह्या तीन जागा तुझ्या एकट्याच्या. मी म्हणालो होतो तू नुसतं लिहून घेतोस. ते वाक्य मी परत घेतो. मेघना आणि गौतमसमोर घेतलं आहे, तुझ्यासमोरही घेईन.'

मागे तो फॉर्म. चौघांची नावं छापलेली. तीन सह्या झालेल्या. चौथ्या नावापुढे रिकामी ओळ, आणि समासात गौतमचं ते गिचमिड अक्षर: 'हितूच्या फाशार वीस पडूं दे रे म्हाराजा.' खाली मुदत: ३१ मार्च.

मुदत पाळायला मला फक्त पोस्टमनच्या कागदावर नाव लिहायचं होतं. सहा वर्षं मी वेशीवर बसून येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत होतो, नाव लिहा, नाहीतर दर्या ओळखणार नाही.

काकूंनी विचारलं, "वाईट बातमी आहे का रे?" मी म्हणालो नाही. त्यांनी पाणी आणून दिलं. माठातलंच होतं.

काल मेघनाकडे गेलो. ह्या वेळी आधी फोन करून. मी तिला म्हणालो, तेरावी कमान तुला चोर समजून दिली. परतणाऱ्याला दिसते हे वाक्य मात्र लिहिताना तू डोळ्यांसमोर होतीस, कारण दर रविवारी निघाल्यावर काहीतरी विसरलं म्हणून तूच जिन्यातून परत यायचीस. ती म्हणाली, "हे आधी बोलला असतास तर वडा तरी खाल्ला असता आपण." मग आम्ही खाल्ला. ती अजून पूर्ण बोलत नाही. गौतम बोलतो. त्याचं म्हणणं, मच्छीमार नगरात प्रत्येक बाई त्या बाजारात पहिल्याच मिनिटाला जीभ गमावेल, हे मी लक्षात घ्यायला हवं होतं.

आईला पाकीट दाखवलं. तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मीया वराडलंय म्हणान तू घेवक नाय." मी म्हणालो, तसं नाही आई, मी नाव वाचलं होतं.

काकूंनी तुझा पत्ता दिला. म्हणून हे पत्र फणसवाडीवरून येत नाही, सरळ तुझ्याकडे येतं आहे. सोबत फॉर्म आहे. मी सही केली आहे. तारीख आजचीच घातली, मागची घालून मुदतीत बसवलं नाही. कंपनी चालवून घेईल की नाही ते तू बघ. पुढची छपाई झाली आणि त्यात नाव आलं तर बरं. नाही आलं तर ती ओळ तशीच राहू दे, ती खोटी नाही. नकार मीच दिला होता.

सात वह्या आमच्या घरी पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत आहेत, किल्ली देवघरात, हळदीकुंकवाच्या पाळ्यामागे. तुझा नंबरही आज उघडला आहे, पण तू लगेच फोन करू नकोस. मला बोलायचं काय ते आधी लिहून काढावं लागेल.

उद्या सकाळी लालबागच्या पोस्टातून हे टाकतो. रजिस्टर एडी. पाकिटाच्या तोंडावर ह्या वेळी पट्टी लावलेली नाही. पोस्टमन कागद पुढे करेल तेव्हा त्यावर सही कर. नाही केलीस तर पाकीट माझ्याकडे परत येईल, आणि मग दारात जाऊन ते मी सही करून घेईन.

तुझा,
हितू